भिंतीला कान

व्हियानाच्या धक्क्यामागे, वाळत घातलेल्या कॉड माशांच्या वासात
माझ्या काकांचं सिनेमाघर होतं
आणि त्याच्या तिकीटखिडकीत सिन्योरा एर्मेलिंदा.
वय त्रेसष्ट. केसांत दोन काळ्या पिना,
समोर नाण्यांची बशी.

बारा वर्षांत तिनं एकही चित्र पाहिलं नव्हतं.
दिवे मालवल्यावरही खलाशी येत राहायचे,
त्यांना तिकिटं द्यायला कुणीतरी हवंच.
तिच्या पाठीशी विटांची एक भिंत
आणि भिंतीपलीकडे पियानो.

लोक म्हणत, मूकपट.
तिच्यापुरता तो मूक कधीच नव्हता.
आत माणसं नुसती बघत असायची,
ती नुसती ऐकत असायची
आणि डाव्या हाताच्या जड सुरांवरून ठरवायची
की कुणीतरी घोड्यावर बसून निघालंय,
उजव्याच्या थरथरीवरून,
की कुणीतरी पत्र उघडतंय आणि वाचत नाहीये.

वाजवायचे सिन्योर लोबातो. आबिलिओ लोबातो.
वय एक्केचाळीस, गालांवर देवीचे व्रण.
खिडकीशी टोपी काढून म्हणायचे,
"आज गार आहे, सिन्योरा एर्मेलिंदा,"
ऑगस्टमध्येसुद्धा.
ती म्हणायची, "आहे खरं."
बस्. मी कित्येकदा तिथेच उभी असायचे. एवढंच.

एका हिवाळ्यात तिनं बोटं उघडी राहतील असे हातमोजे विणले,
राखाडी लोकरीचे,
आणि पियानोच्या झाकणावर ठेवून दिले, चिठ्ठीशिवाय.
लोबातोंनी काकांचे आभार मानले.
काकांनी ते घेतले.
काकांना आभार कशाचेही चालत.

मग एकतीस साल उजाडलं
आणि लिस्बनहून लाकडी खोक्यांतून बोलपटाची यंत्रं आली.
शेवटच्या रात्री काका म्हणाले,
"पोरीला बसवा खिडकीत. तुम्ही एकदा बघून घ्या."
मी अकरा वर्षांची, नाणी मोजता येत होती.
तिनं पिना काढल्या, पुन्हा त्याच जागी लावल्या
आणि स्वतःचे पैसे बशीत टाकून तिकीट फाडलं.
मागची रांग.

पुष्कळ वर्षांनी ती माझ्याशी बोलली,
तेही चित्राबद्दल फारसं नाहीच.
घोडे नव्हते, म्हणाली.
मी घोडे समजत होते तो पूर होता गं.
आणि ते बोटांकडे बघतच नाहीत,
पडद्याकडे बघतात, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे.
डोक्याच्या मागे टक्कल, एका नाण्याएवढं.
समोरून कधी कळलंच नव्हतं.

खेळ संपला. काका त्यांना वाइन पाजायला घेऊन गेले.
हातमोजे झाकणावरच राहिले होते.
ती उचलायला गेली.
उजव्या अंगठ्यापाशी भोक पडलेलं
आणि ते कुणीतरी रफू केलेलं,
लाल दोऱ्यानं, बारीक, जराही घाई न करता.
"माझ्यापेक्षा चांगलं," म्हणाली.
मी विचारलं, कुणी?
ती म्हणाली, ते टाक्यांवर लिहिलेलं नसतं.

तिनं हातमोजे होते तिथेच ठेवले,
फक्त जोडी नीट जुळवून.

सकाळी लोबातो आले, हातमोजे खिशात कोंबले,
खिडकीशी टोपी काढली.
आज गार आहे.
आहे खरं.
दुपारचं जहाज ब्राझीलला जाणारं होतं.
पियानो मिठाच्या एका व्यापाऱ्यानं नेला,
त्याच्या मुलींपैकी एकीलाही वाजवता येत नव्हता.

पुढे भिंतीतून परकी माणसं बोलायला लागली,
हसायची, भांडायची, दारं आपटायची.
त्यांचं म्हणणं पडद्यावर खाली अक्षरांत लिहून येई,
आणि अक्षरं भिंतीतून येत नाहीत.

तिनं आणखी नऊ वर्षं तिकिटं फाडली.
काकांकडे एकदाच काही मागितलं:
खिडकीत एक छोटी शेगडी.
पाठ गार पडते, म्हणाली,
पूर्वी पडत नसे.